पाणचक्की : चाकामागचे पाणी

(जागतिक वारसा दिनानिमित्त बोरिवली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पाणचक्कीविषयी बोलावयाचे आणि तेही बोरिवलीत, हे काहींना चमत्कारिक वाटेल. घाटकोपर-मुलुंडच्या माणसापुढे 'गिरणी' हा शब्द उच्चारला की त्याला प्रथम परळ-लालबागच्या कापडगिरण्या आठवतात आणि नंतर नाक्यावरची पिठाची गिरणी. पाण्याच्या जोरावर दळण दळणारी चक्की उपनगरातील बहुतेकांनी पाहिलेली नसावी. परंतु आपल्या अगदी शेजारी कान्हेरीची लेणी आहेत. तेथील भिक्षूंनी कातळात पन्हळी कोरून पावसाचे पाणी लेण्यांलगतच्या टाक्यांत उतरविले. तेथील शिलालेख या टाक्यांना 'पोढी' म्हणतात. तेथे उभे राहिले म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानात येते. टाके जपावयाचे तर त्यात पाणी आणणारी पन्हळही जपावी लागते. पाणचक्कीच्या जतनाचा प्रश्न याहून फारसा वेगळा नाही.

महाराष्ट्रात पाणचक्क्या फारशा का झाल्या नाहीत, याचे कारण उघड आहे. आपल्या नद्या चार महिने दुथडी वाहतात आणि उन्हाळ्यात त्यांच्या पात्रांत वाळू उरते. अशा पाण्यावर बारमाही दळण कोण सोपविणार? ते काम घरोघरच्या जात्यांनी, म्हणजे खरे तर पहाटे उठणाऱ्या स्त्रियांच्या दंडांनी केले. म्हणूनच छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील पाणचक्की हा एक विरळा अपवाद म्हणावयास हवा.

त्या शहराची मूळ वस्ती खडकी. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याने १६१० च्या सुमारास ती राजधानी म्हणून वसविली आणि तिच्यासाठी जमिनीखालून नहर आणली. डोंगरपायथ्याशी आणि नदीपात्राखाली झिरपणारे पाणी गोळा करावयाचे आणि कोणत्याही यंत्राविना, केवळ उताराच्या बळावर, बांधीव मार्गांतून व खापरी नळांतून शहरात खेळवावयाचे, अशी ही योजना होती. मलिक अंबर १६२६ मध्ये निवर्तला. पुढे १६५३ मध्ये शहराचे नाव औरंगाबाद झाले. सत्ता बदलत राहिल्या, पण नहरी काढण्याची ही परंपरा खंडित झाली नाही. पाणचक्कीची नहर त्याच परंपरेतील. हर्सूलच्या बाजूने निघालेले तिचे पाणी खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाजवळ, बाबा शाह मुसाफिर या सूफी साधूच्या दर्ग्याच्या आवारात येते. सतराव्या शतकाची अखेर ते अठराव्या शतकाचा पूर्वार्ध, या काळात येथील बांधकामे टप्प्याटप्प्याने उभी राहिली. येथे येणारे फकीर, यात्रेकरू आणि विद्यार्थी यांच्या भाकरीसाठी ही चक्की धान्य दळीत असे.

तिची रचना समजावून घेण्यासारखी आहे. नहरीचे पाणी एका उंच बांधीव भिंतीत आपल्याच दाबाने वर चढते आणि तेथून धबधब्यासारखे प्रशस्त हौदात कोसळते. या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचे छत! भक्कम खांबांनी एवढ्या पाण्याचा भार पेलला आहे, आणि त्यामुळे ते दालन भर उन्हाळ्यातही थंड राहते. चक्कीचे चाक मात्र चित्रांत दिसते तसे उभे नाही. ते आडवे आहे, लोखंडी पात्यांचे. पात्यांवर पाण्याचा झोत आदळला की चाक फिरते. त्याचा उभा आस खालच्या स्थिर दगडाच्या मध्यातून वर जाऊन वरच्या दगडास जोडलेला असतो. मध्ये दातेरी चक्र नाही की पट्टा नाही. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. हिमालयातील घराट याच तत्त्वावर चालतात.

येथे एक कबुली दिली पाहिजे. पूर्वी एका माहितीपत्रकासाठी मी या स्थळाचे वर्णन लिहिले, तेव्हा हौद, कारंजी आणि जुना वड यांवर दोन परिच्छेद खर्च केले, चक्कीवर एक वाक्य आणि नहरीवर एक शब्दही नाही. पुढे एका एप्रिलमध्ये पुन्हा गेलो, तेव्हा हौदातील पाणी पार खाली गेले होते आणि चाक थांबलेले होते. सहलीला आलेल्या एका मुलाने विचारले, "मग ही चालते कधी?" त्याच्या गुरुजींनी माझ्याकडे पाहिले आणि मी हौदाकडे!

त्या प्रश्नाचे उत्तर चक्कीच्या आवारात मिळत नाही. ते नहरीच्या वाटेवर शोधावे लागते. इमारत डोळ्यांना दिसते. तिचा चुना पडला तर कोणीतरी तक्रार करतो. नहर जमिनीखाली असते. तिच्यावर वस्ती वाढते, पायाच्या खोदाईत खापरी नळ फुटतो, सांडपाणी आत शिरते, झाडांची मुळे मार्ग अडवितात. आणि आसपासच्या कूपनलिका तिचे मूळ पाणीच खोलवरून उपसून नेतात. यांपैकी एकाही गोष्टीने चक्कीचा एक दगड हलत नाही, आणि तरीही चक्की बंद पडते. पर्यटकास सर्व काही शाबूत दिसते, हीच यातील फसगत आहे.

म्हणून जतनाचा आरंभ नहरीच्या नकाशापासून व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तिचा मार्ग जमिनीवर खुणा करून दाखवावा. तो नगररचनेच्या आराखड्यात आणि बांधकाम परवानगीच्या कागदात उमटावा, आणि उगमाजवळच्या उपशावर बंधन असावे. अलीकडच्या वर्षांत खाम नदीच्या स्वच्छतेचे काम महापालिकेने आणि नागरिकांनी हाती घेतले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. त्याच उत्साहाचा काही भाग जमिनीखालच्या या प्रवाहाच्या वाट्याला यावयास हवा.

दुसरी गोष्ट कारागिराची. दगड गुळगुळीत झाला की दळण जाडेभरडे पडते, म्हणून त्याला टाकी लावावी लागते. जात्याला टाकी लावणारे पूर्वी गल्लोगल्ली हिंडत. आज अंधेरीत असा माणूस सापडणे कठीण. नेदरलँड्समधील पवनचक्क्या व पाणचक्क्या चालविणाऱ्यांच्या कौशल्याचा युनेस्कोने २०१७ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला. तेथे चक्की उभी असणे पुरेसे मानले जात नाही. ती चालवू शकणारा माणूस तयार असावा लागतो. आपल्या उत्तराखंडातही जुन्या घराटांची सुधारणा करून त्यांवर दळणाबरोबर थोडी वीज निर्माण करण्याचे प्रयत्न झाले आहेत. संभाजीनगरच्या चक्कीवर वीज काढा, असे मी म्हणत नाही. पण वर्षातून काही दिवस तिने खरोखर ज्वारी दळावी, आणि ते पीठ शाळेतील मुलांनी हातात घेऊन पाहावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

आपल्यापैकी कोणी त्या शहरी जाणार असेल तर पावसाळा सरल्यावर, नहरीला पाणी असताना जावे. हौदाचे छायाचित्र घेऊन झाले की चाक कोठे आहे ते विचारावे, आणि पाणी कोणत्या बाजूने येते, हेही. ती दिशा दाखविणारा माणूस तेथे भेटला, तर त्याच्याजवळ थोडा वेळ बसावे.