नोंद वाचून दाखवा

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो, आणि त्यांच्यासाठी पहाटेची एसटी धरून आलेल्या आईवडिलांनो,

कशावर बोलू असं विचारलं, तेव्हा प्राध्यापकांनी मला विषय दिला, "राष्ट्रीय सुरक्षा आणि व्यक्तिस्वातंत्र्य". चाळीस वर्षं वकिली केलेल्या माणसाच्या हाती असा विषय देणं धोक्याचं असतं. कलमं सांगत बसलो तर तुमचं जेवण गार होईल. म्हणून मी एका वहीपासून सुरुवात करतो.

माझे वडील आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या चौरास भागातल्या एका गावाचे पोलीस पाटील होते. 1967च्या ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटलाला जी कामं लावून दिली, त्यांत गावात काय चाललंय, कोण नवखा आला, याची खबर ठाण्याला देणं हेही होतं. सरकारी भाषेत पाळतच ती. बाबांची वही लांबट होती, लाल कापडाच्या पाठीची, आणि ओसरीतल्या खुंटीला पिशवीत लटकलेली असायची. एकदा दिवाळीनंतर मंडईच्या जत्रांच्या दिवसांत एक कल्हईवाला तीन रात्री देवळात मुक्कामाला राहिला. बाबांनी त्याला घरी बोलावलं, चहा दिला, नाव-गाव विचारून वहीत लिहिलं आणि लिहिलेलं त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पाटील, तालुका चुकला." बाबांनी खोडून नीट केला. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. लिहिलेलं वाचून कशाला दाखवायचं, हे मला कळलं नव्हतं.

पुढे बाबांच्याच लेखणीने एकाचं वाटोळं करायचंच तेवढं बाकी ठेवलं. 22 एप्रिल 1988ला राजीव गांधींच्या हस्ते गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं, आणि मग कोणाची जमीन जाणार, मोबदला किती मिळणार, यावर गावोगाव सभा सुरू झाल्या. आमच्या शेजारचा एक तरुण त्या सभांत बोलायचा. त्याची सरकारी नोकरीसाठी निवड झाली आणि चारित्र्य पडताळणीचा कागद गावात आला. बाबांनी लिहिलं, "सभा-मोर्चात पुढे असतो, लोकांना भडकवतो." नोकरी अडकली. हे त्याला कसं कळलं कोण जाणे, पण एका संध्याकाळी तो आमच्या अंगणात उभा राहून ओरडत होता, "काका, मी कोणाला भडकवलं ते सांगा!" बाबांकडे उत्तर नव्हतं. पहिलं वाक्य त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं, दुसरं पारावर ऐकलेलं. दुसऱ्या दिवशी ते त्याला सायकलवर डबलसीट घेऊन ठाण्यात गेले आणि नवा अहवाल लिहून दिला. तोवर यादी लागून गेली होती. दुसरीकडे लागायला त्याला दीड वर्ष गेलं.

बाबा देवमाणूस होते असं सांगायला मी ही गोष्ट सांगितली नाही. त्यांच्या एका ओळीने एका पोराचं दीड वर्ष खाल्लं. पण तो ओरडायला कुठे जाऊ शकत होता, हे बघा. त्याला अंगण माहीत होतं. आज तुमची नोंद टोलनाक्यावर होते, मोबाइलच्या टॉवरवर होते, चौकातल्या कॅमेऱ्यात होते, आधारच्या अंगठ्यावर होते. तिथे काही चुकीचं लिहिलं गेलं तर कोणाच्या अंगणात जाऊन ओरडाल?

आता आपल्याच जिल्ह्याचं एक प्रकरण. 2014 साली भंडारा-गोंदियाने नाना पटोले यांना लोकसभेवर पाठवलं. जुलै 2021 मध्ये त्यांनी विधानसभेत सांगितलं, की 2016-17 मध्ये ते खासदार असताना त्यांचा फोन टॅप केला गेला, आणि कागदोपत्री त्या फोनच्या मालकाचं नाव होतं अमजद खान. (हो, शोलेतला गब्बर. पाळत ठेवणाऱ्यांनाही सिनेमा आवडत असावा.) चौकशी झाली, फेब्रुवारी 2022 मध्ये पुण्यात गुन्हा नोंदला गेला. इतरही पुढाऱ्यांचे फोन असेच बनावट नावांनी ऐकले गेल्याचा आरोप होता. सप्टेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा गुन्हा रद्द केला. तेव्हा आरोप कोर्टात सिद्ध झाले असं मी म्हणणार नाही, वकिलाने म्हणूही नये. पटोल्यांच्या पक्षाशी माझं देणंघेणं नाही, तुमचंही नसावं. मी फक्त अमजद खान या नावापाशी थांबतो.

कारण फोन ऐकण्याचा अधिकार सरकारला इंग्रजांच्या 1885च्या तार कायद्यापासून आहे, आणि त्याला लगाम घालायचा सारा खटाटोप एका कागदावर उभा आहे. 1996च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सांगितलं, की आदेश गृह सचिवांच्या पातळीवर निघावा, त्याला मुदत असावी, आणि तो एका समितीने तपासावा. पुढे त्याचे नियम झाले. साधारणपणे आदेश साठ दिवसांचा, वाढवत नेला तरी 180 दिवसांपलीकडे नाही. ठीक. पण सचिव आणि समिती बघणार काय? कागद. न्यायाधीशाकडे जाणं त्यात नाही, आणि ज्याचा फोन आहे त्याला तर विचारायचंच नसतं. त्या कागदावर "खासदार" लिहिलं असेल तर सही करणारा क्षणभर थबकेल. "अमजद खान" लिहिलं असेल तर कशाला थबकेल? खोटं नाव घातलं की सचिव, समिती, मुदत, सगळं जागच्या जागी राहतं आणि काहीच उरत नाही. आणि नाव निवडताना तेच का निवडावंसं वाटलं असेल, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो. कोणाच्या नावावर आपल्याला पटकन संशय येतो, त्याचं ते उत्तर आहे.

न्यायालयं अगदीच गप्प नसतात. ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. तपास सोपा जातो म्हणून फोन ऐकता येत नाहीत, सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न खरोखर उभा असावा लागतो, हे त्याचं सार. पण तो माणूस कोर्टात जाऊ शकला, कारण त्याला कळलं होतं. ज्याला कळतच नाही त्याने कुठली याचिका करायची?

दुसरी बाजू मला ठाऊक नाही असं समजू नका. 26/11च्या रात्रींत हल्लेखोर आणि सीमेपलीकडे बसलेले त्यांचे सूत्रधार यांच्यातलं बोलणं मुंबईत ऐकलं जात होतं, आणि कट पलीकडे शिजला हे पुढे कोर्टात सांगताना ते संभाषण कामी आलं. आणि आपल्याला तर लांब जायलाच नको, जवाहरनगरची आयुध निर्माणी आपल्या दाराशी आहे. तिथे कामाला असलेल्या माणसाची फाटकावर झडती होते आणि तो घरी आल्यावर बायकोलाही सांगत नाही आज काय भरलं. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही, मलाही नाही. 24 जानेवारी 2025च्या सकाळी तिथे स्फोट झाला, त्यानंतर तर दारूगोळ्याच्या जागेचे नियम कडक का असतात हे कोणी समजावून सांगायची गरज उरली नाही. पण त्या फाटकावरची झडती उघड असते. पहारेकरी समोर उभा असतो, कामगाराला माहीत असतं की आपल्याला तपासलं जातंय, आणि पहारेकऱ्यालाही तपासणारा कोणी असतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट, तुमच्या पुस्तकात नसेल. 1947 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे टिपण दिलं. त्यात माणसाचं घर, त्याचे कागद, त्याच्या वस्तू यांची विनाकारण झडती घेता येणार नाही, असं कलम त्यांनी लिहिलं होतं. अंतिम राज्यघटनेत ते आलं नाही. मार्च 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी एम. पी. शर्मा खटल्यात म्हटलं, की असा हक्क घटनेत नाही, तर आम्ही तो कुठून आणणार? आणि त्याच उन्हाळ्यात बाबासाहेब आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवत होते. ती ते हरले. आपण त्यांना निवडून दिलं नाही, ही सल या जिल्ह्यात अजून बोलून दाखवली जाते. त्या कलमामागचं तत्त्व मात्र 24 ऑगस्ट 2017ला दुसऱ्या वाटेने परत आलं. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि 1954चा तो निकाल त्यापुरता मोडीत काढला. सरकारला त्यावर मर्यादा घालता येते, पण कायदा हवा, उद्देश रास्त हवा, आणि डासाला तोफ नको. त्यानंतर 2023 मध्ये डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला आणि त्याच कायद्याने सरकारला आपल्या यंत्रणांना त्यातून वगळण्याची मुभाही दिली. म्हणजे कुलूप बसवलं, आणि किल्ली ज्याच्यापासून जपायचं त्याच्याच खिशात.

आता तुमच्याकडे येतो. तुमच्यातले किती जण पोलीस भरतीच्या तयारीला लागलेत, मला दिसतं. रोज पहाटे मैदानावर धावणारी पोरं-पोरी मी फिरायला जातो तेव्हा बघतो. कोणी तलाठी होईल, कोणी मोबाइल कंपनीत लागेल, कोणी एखाद्या कंट्रोल रूममध्ये चोवीस पडद्यांसमोर बसेल. पाळत दिल्लीत ठेवली जाते असं आपल्याला वाटतं. ती ठेवतात तुमच्यासारखी माणसं, महिन्याच्या पगारावर, आठ तासांच्या पाळीत. कधीतरी साहेब एक नंबर देतील आणि म्हणतील, "नाव काहीही टाक." त्या वेळी कायद्याचं पुस्तक टेबलावर नसेल, सर्वोच्च न्यायालय नसेल, नसेल कोणीच. तुम्ही, कीबोर्ड आणि नावाची रिकामी चौकट. "काहीही टाकता येत नाही साहेब, खरं नाव सांगा," एवढं म्हणून बघा. बदली होईल कदाचित. आपल्याकडे बदल्या होतात.

बाबांच्या वह्या निवृत्तीनंतर कार्यालयात जमा झाल्या. आता त्या कुठे आहेत मला माहीत नाही. उंदरांनी खाल्ल्या असतील तर बरंच. अंगणात ओरडणारा तो तरुण मात्र आज आजोबा झालाय आणि या सभागृहात बसलाय. काल मी त्यांना फोन केला होता. म्हटलं, तुमची गोष्ट उद्या सांगतोय, नाव घेऊ का? आधी मी लिहिलेलं सगळं त्यांना वाचून दाखवलं. एका ठिकाणी त्यांनी मला दुरुस्त केलं. मी एक वर्ष लिहिलं होतं, ते म्हणाले दीड. मग थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "नाव नको."

म्हणून घेतलं नाही. कुठल्या रांगेत बसलेत तेही सांगत नाही, मागे वळून बघू नका.