औक्षवंत हो!

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी मी मरणाविषयी बोलणार म्हटल्यावर आपल्या चिटणीसबाई जरा दचकल्याच. "अहो, नंतर हळदीकुंकू आहे!" म्हणाल्या. पण मंडळात साठीपुढच्या आपण निम्म्याहून अधिक. भजन संपल्यावर चपला घालता घालता आपण दुसरे बोलतो तरी काय? जिन्यात बोलतो तेच आज व्यासपीठावरून बोलते, एवढेच.

कोणी वाकून नमस्कार केला की आपण 'औक्षवंत हो' म्हणतो. पत्रिकेवर मुलाच्या नावामागे 'चि.' घालतो. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाआधी आमच्या घरी तेलाचे सात थेंब जमिनीवर ठेवतात, सात चिरंजीवांच्या नावाने. त्यांतलाच एक अश्वत्थामा. पुढे महाभारत वाचले तेव्हा कळले, की त्याला मिळाला तो वर नव्हे, शाप. तीन हजार वर्षे एकटा भटकशील, अंगाला रक्तपुवाची दुर्गंधी येईल, कोणाशी बोलणेही घडणार नाही, असा तो शाप. आपल्या लोकांनी तर ती मुदतही काढून टाकली आणि बिचाऱ्याला अजून जखमेसाठी तेल मागत दारोदार हिंडवले! मुलांना 'चि.' लावणाऱ्या आयांनीच ही गोष्ट जपून ठेवली, याचे मला नवल वाटते.

उलट सावित्री पाहा. यम प्रसन्न झालेला, तरी तिने अमरपण मागितले नाही. सत्यवानाला तिच्यासह आयुष्य मिळाले ते चारशे वर्षांचे. चारशे काही थोडी नव्हेत. (आमच्या घरच्यांना एवढा संसार सांगितला असता तर ते यमाच्याच मागे निघाले असते.) पण चारशेलाही शेवट आहेच.

आपल्यालाही आयुष्य पुष्कळ वाढवून मिळाले आहे. देश स्वतंत्र झाला तेव्हा सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते ७० च्या घरात आहे. तेव्हा म्हातारी माणसे नव्हती असे नव्हे. तान्ही मुले आणि बाळंतिणी फार जात. माझ्या आजीची सात बाळंतपणे झाली, हाती लागली तीन. 'औक्षवंत हो' म्हणताना तिचा आवाज का कापे, ते मला आता समजते.

मात्र मरण लांबले तसे ते अवघडही झाले. माझ्या सासूबाई ९३ व्या वर्षी गेल्या. शेवटचे एकोणीस दिवस अतिदक्षता विभागात. घशात नळी; ती ओढून काढतील म्हणून दोन्ही मनगटे पलंगाला बांधलेली. दिवसातून दहा मिनिटे भेट. डॉक्टर भले होते. पण 'थांबवायचे का?' हे विचारणे त्यांना जड आणि 'थांबवा' म्हणणे आम्हांला त्याहून जड. त्यांची स्वतःची इच्छा काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या पिढीत ते बोलायची रीतच नव्हती.

आता कायद्याने वाट करून दिली आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे इच्छापत्र मान्य केले. हे मिळकतीचे मृत्युपत्र नव्हे, आणि सुई टोचून मारा असे सांगणेही नव्हे. तो आपल्याकडे गुन्हाच आहे. बरे होण्याची आशा उरली नाही आणि आपल्याला बोलता येईनासे झाले, तर नुसता श्वास लांबवणारे उपचार नकोत, एवढे त्यात लिहिता येते. आपल्या वतीने कोणी बोलावे त्यांची नावे द्यायची. तेवढ्यावर घाईने काही होत नाही. डॉक्टरांची दोन मंडळे एकामागून एक पाहून ठरवतात. आधी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जावे लागे. २०२३ पासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो.

मला मरायची घाई झाली आहे असे मात्र कोणी समजू नये. देह म्हणजे जुने वस्त्र, असे सांगतात. सांगणाऱ्यांविषयी मला आदर आहे, पण माझा या वस्त्रावर फार जीव आहे. जुने लुगडे आपण तरी कुठे लगेच टाकतो? गोधडी करतो, पुढे पायपुसणे. नातीची दहावी व्हायची आहे, कुंडीतल्या सोनचाफ्याला अजून एकही कळी धरलेली नाही, आणि यंदाचा मोरावळा चांगला साधला आहे. चारशे वर्षे दिली तर मी नको म्हणणार नाही. मनगटे बांधून दिलेला एकोणिसावा दिवस मात्र मला नको.

हे घरी सांगितले तेव्हा मुलगा "आई, काय हे अभद्र!" म्हणून उठून गेला. लेक फोनवर रडली. सूनबाई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने माझा मसुदा वाचला आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त करून दिल्या. माझ्या वतीने बोलायला मी तिचेच नाव घातले आहे.

येत्या गुरुवारी नोटरीकडे जायचे आहे. साक्षीला दोघे लागतात, शक्यतो घरचे नकोत. आपल्या खजिनदारबाई तयार झाल्या आहेत. दुसरी जागा मोकळी आहे. हळदीकुंकवाला मी दाराजवळच्या खुर्चीवर बसेन, जिला यायचे असेल तिने मला तिथे सांगावे.