सुरतेचा करार आणि ‘भाऊबंदकी’

सुरतेचे नाव निघाले म्हणजे मराठी माणसाला शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० सालच्या स्वाऱ्या आठवतात. परंतु त्याच सुरतेत १७७५ च्या फेब्रुवारीत पेशव्यांच्या घराण्यातील एक पुरुष, लढाईत हरून, इंग्रजांचा आश्रय मागण्यासाठी समुद्रमार्गाने येऊन उतरला. हा पुरुष म्हणजे थोरल्या बाजीरावांचा पुत्र रघुनाथराव, म्हणजेच राघोबादादा. १७५८ साली ज्याच्या फौजा लाहोरात शिरल्या, तोच हा सेनानी. अशा वीरावर ही पाळी का यावी, याचा उलगडा कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या १९०९ सालच्या ‘भाऊबंदकी’ या नाटकात होतो.

नाटकाच्या मुळाशी शनिवारवाड्यातील ३० ऑगस्ट १७७३ चा दिवस आहे. वाड्याच्या रक्षणासाठी ठेवलेले गारदीच त्या दिवशी तरुण नारायणराव पेशव्यांवर उठले. भ्यालेला पुतण्या धावत जाऊन चुलत्याच्या गळ्यात पडला. पण ज्या मिठीत अभय मिळावयाचे, तेथेच त्याचा अंत झाला. चापाजी टिळेकर नावाचा एक साधा सेवक धन्याला वाचविण्यासाठी त्याच्या अंगावर पडला आणि त्याच्याबरोबर मारला गेला. चुलत्याने सोडले आणि सेवकाने राखले, असा हा प्रसंग आहे.

खाडिलकरांचा राघोबा केवळ दुष्ट नाही. तो शूर आहे, भावनावश आहे, आणि मनाने दुबळा आहे. पेशवाईवर आपलाच हक्क, असे तो स्वतःला बजावीत राहतो. त्याचे मन कचरले की आनंदीबाईची महत्त्वाकांक्षा त्याला पुढे ढकलते. शेक्सपिअरच्या मॅक्बेथ दांपत्याची आठवण रसिकांना येथे होते, ती याचमुळे. नानासाहेब फाटक आणि दुर्गाबाई खोटे यांनी या भूमिका रंगविल्या, तेव्हा प्रेक्षकांना राघोबाचा संताप आला तशी त्याची कीवही आली.

या दोघांसमोर उभे राहतात ते रामशास्त्री प्रभुणे. पेशव्यांचे अन्न खाल्लेला हा न्यायाधीश खुद्द पेशवेपदावर बसलेल्या पुरुषाला त्याच्या अपराधाबद्दल देहान्त प्रायश्चित्त सांगतो, आणि अशा राज्यात न्यायासनावर बसणे नाकारून पुणे सोडतो. वरवर पाहता ही धन्याची अवज्ञा आहे. खरे पाहता शास्त्रीबुवांइतका निष्ठावंत त्या दरबारात दुसरा कोणी नव्हता. कारण त्यांची निष्ठा गादीवरच्या माणसाशी नसून ती गादी ज्या न्यायावर उभी होती त्याच्याशी होती. पुढे बारभाईंच्या कारभारात ते सन्मानाने परत आले.

राघोबाला तलवारीचे यश मिळाले नाही, असे नाही. मार्च १७७४ मध्ये पंढरपूरजवळ कासेगाव येथे त्याने त्रिंबकराव पेठे यांचा पराभव केला. पण पुण्यात सखारामबापू, नाना फडणीस आणि त्यांचे साथीदार एक झाले होते. एप्रिलमध्ये नारायणरावांच्या विधवा पत्नीला पुत्र झाला आणि राघोबाच्या हक्काचा आधारच नाहीसा झाला. पुढच्या वर्षी गुजरातेत मही नदीच्या परिसरात हरिपंत फडक्यांनी त्याला पिटाळले. खंबायत, भावनगर अशी मजल करीत तो सुरतेस पोहोचला.

६ मार्च १७७५ रोजी तेथे करार झाला. अडीच हजार इंग्रज फौजेसाठी दरमहा दीड लाख रुपये देण्याचे ठरले. शिवाय साष्टी, वसई आणि भडोच व सुरतेच्या महसुलाचा वाटा लिहून द्यावा लागला. ही वसई १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांशी झुंजून, मोठी प्राणहानी सोसून घेतली होती. चिमाजी अप्पा हे राघोबाचे सख्खे चुलते. चुलत्याने रक्ताने मिळविलेले ठाणे पुतण्याने एका सहीने देऊ केले.

या करारापायी सुरू झालेले युद्ध सात वर्षे चालले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांनाच शरण यावे लागले. पण राघोबाला त्याचे काय सुख? त्याच्या कैवाऱ्यांचा जय म्हणजे मराठ्यांचा पराजय होता, आणि मराठ्यांचा जय म्हणजे त्याचा स्वतःचा नाश. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत आली, साष्टी मात्र गेली. राघोबाला नेमणूक मिळाली, आणि पुढच्याच वर्षी तो मरण पावला. पित्याचा कित्ता पुत्राने गिरविला. दुसऱ्या बाजीरावाने १८०२ च्या अखेरच्या दिवशी इंग्रजांशी तह केला, तो त्याच वसईत.

खाडिलकर हे टिळकांचे ‘केसरी’तील सहकारी. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेसच राष्ट्रसभा दुभंगली होती. दोन वर्षांनी आलेल्या या नाटकाच्या नावाचा अर्थ त्या वेळच्या प्रेक्षकांना वेगळा समजावून सांगावा लागला नसेल. घरातल्यांचा विश्वास गमावलेला माणूस परक्यांच्या फौजा आणू शकतो, परंतु त्या फौजांच्या बळावर घर परत मिळवू शकत नाही. राघोबाचा पराभव महीच्या काठी झाला असे इतिहास सांगतो; तो त्याआधीच, पुतण्याची मिठी सुटली तेव्हा झाला, हे ‘भाऊबंदकी’ दाखविते.