पाटी कोणाची, गल्ला कोणाचा



इथे येताना एका दुकानावर आपली ती जुनी पाटी दिसली: ‘आमची कोठेही शाखा नाही’. बाहेरचे लोक याला पुणेरी ताठा म्हणतात. मला त्यात धास्ती दिसते. माझं नाव दुसऱ्याच्या दुकानावर लागलं, तर ते राखणार कोण? फ्रँचायझीचा सगळा इतिहास या धास्तीवर काढलेल्या तोडग्यांचा आहे.

ही गोष्ट बहुधा सिंगरच्या शिवणयंत्रापासून सांगतात. १८५१चं पेटंट, आणि मग पैसे मोजून एकेक मुलूख घेतलेले विक्रेते. पण विक्रेता काय करतो यावर ताबा राहीना, तेव्हा कंपनीने स्वतःच्या शाखा काढल्या. माझ्या मते खरी सुरुवात केली ती मार्था माटिल्डा हार्पर या बाईने.

कॅनडातली ही पोर सातव्या वर्षी लोकांच्या घरी कामाला लागली. १८८८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात, साठवलेल्या ३६० डॉलरवर तिने बायकांच्या केसांची निगा राखणारं दुकान थाटलं. स्वतःचे केस जमिनीला टेकणारे, त्यामुळे जाहिरातीला तिचा फोटोच पुरे. डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून तिने मागे रेलणारी खुर्ची करवून घेतली आणि बेसिनला मानेपुरती खाच ठेवली. खुर्चीचं पेटंट मात्र तिने घेतलं नाही. आज कुठल्याही पार्लरमध्ये आपण मान टाकतो ती तिच्याच खाचेत!

गावोगावहून मागणी आली, तेव्हा १८९१पासून तिने दुकानं द्यायला सुरुवात केली. कोणाला? पैसेवाल्यांना नव्हे, आपल्यासारख्याच मोलकरणींना. भांडवल नसेल तर कर्जही दिलं. शिकवणं तिचं, तेल-टॉनिक तिचं, अधूनमधून तपासणी तिची. दुकानाची मालकीण मात्र ती बाई. जन्मभर दुसऱ्याचं घर राखलेल्या बाईला पहिल्यांदा स्वतःचं काही मिळालं, तर ती ते डोळ्यांत तेल घालून जपणार, हा हिशोब बरोबर ठरला. पुढे अशी सुमारे ५०० दुकानं झाली.

मॅकडोनल्डची तऱ्हा निराळी. १९५५ साली रे क्रॉकने करार विकायला घेतले, तेव्हा विक्रीतला १.९ टक्के वाटा ठरला होता. त्यातला ०.५ टक्का मूळच्या मॅकडोनल्ड बंधूंचा. उरलेल्यात क्रॉकचा खर्चही भागेना. वाट काढली ती क्रॉकच्या कंपनीचा पैशाचा व्यवहार पाहणाऱ्या हॅरी सॉनबॉर्नने: जागा कंपनीने ताब्यात घ्यायची आणि दुकानदाराला पोटभाड्याने द्यायची. भाडं तर येतंच, शिवाय करार मोडला की जागाही गेली. पागडीच्या मुंबईत राहिलेल्यांना यातली मेख लगेच कळेल. हार्परने माणूस पारखून नाव राखलं. इथे ते काम जागेच्या किल्लीने केलं.

१९६१ साली क्रॉकने त्या दोघा भावांकडून २७ लाख डॉलरला सगळा हक्क विकत घेतला. सॅन बर्नार्डिनोचं मूळ दुकान भावांनी स्वतःकडे ठेवलं, पण नाव विकलेलं. मग दुकानावरचं आपलंच आडनाव उतरवून त्यांनी ‘बिग एम’ अशी पाटी लावली. क्रॉकने जवळच नवं मॅकडोनल्ड उघडलं. काही वर्षांतच भावांचं दुकान बंद पडलं.