मागाची शेंकडेवारी आणि कापडाचा खर्च



यंत्र किती चाललें याचा अहवाल शेंकडेवारींत लिहितात. परंतु सूतवाल्याचें बिल, विजेचें देणें आणि महिनाअखेरचे पगार शेंकडेवारीनें फिटत नाहींत, ते रुपयांनींच फेडावे लागतात. तेव्हां एका भाषेंतील मजकूर दुसरींत उतरवितांना अर्थाचा अनर्थ होऊं नये म्हणून जी दक्षता घ्यावी लागते, तीच येथेंहि अवश्य आहे. आयुष्यभर मुलांकडून त्रैराशिकें सोडवून घेतलेल्या माझ्यासारख्या मास्तरास तर हा विषय कारखान्यापेक्षां अंकगणिताचाच अधिक वाटतो.

उदाहरणासाठीं यंत्रमाग घेऊं. १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं इचलकरंजींत पहिला यंत्रमाग बसविला, तेव्हांपासून आपल्या भागाला त्याची ओळख आहे. मागावरील उभे धागे तो ताणा व आडवे तो बाणा. समजा, एक माग मिनिटास बाण्याचे २०० धागे टाकतो आणि मीटरभर कापडास असे २,००० धागे लागतात. म्हणजे तासाला ६ मीटर, आणि आठ तासांच्या पाळींत ४८ मीटर कापड निघावें.

प्रत्यक्षांत सूत तुटतें, कांडी संपते, वीज जाते, आणि माग एकूण दोन तास उभा राहतो. १२ मीटर बुडाले, ३६ उरले. चालू असतांनाहि वेग २०० ऐवजीं १८०च राहिला. ३६ चे ३२.४ झाले. त्यांतूनहि २.४ मीटर सदोष निघाले. हातीं आलें ३० मीटर चांगलें कापड. जपानांतील सेइइची नाकाजिमा यांनीं यंत्राच्या परिणामकारकतेचें जें माप रूढ केलें, त्याच्या याच तीन पायऱ्या आहेत : उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता. आपल्या मागाचे हे आंकडे अनुक्रमें शेंकडा ७५, ९० व सुमारें ९२.६ येतात; आणि गुणाकार ६२.५.

हा अहवाल पाहून कोणीहि म्हणेल, कीं दुखणें पहिल्या आंकड्यांत आहे. तिसरा तर सर्वांत चांगला. आतां रुपये मांडून पाहूं. घसारा, व्याज, भाडें व पगार मिळून मागाचा ठराविक खर्च पाळीस २४० रुपये, आणि सूत, खळ व वीज मीटरला २० रुपये, असें समजुतीसाठीं धरा. पूर्ण ४८ मीटर निघते, तर मीटरला ५ आणि २० मिळून २५ रुपये पडते. निघाले ३०, म्हणून ठराविक खर्चच मीटरला ८ रुपये झाला. माल मात्र ३२.४ मीटरांचा लागला. त्याचे ६४८ रुपये ३० मीटरांवर वांटले, तर मीटरला २१ रुपये ६० पैसे. एकूण २९ रुपये ६० पैसे. हे जे ४ रुपये ६० पैसे वाढले, त्यांची याच क्रमानें फोड करा. माग उभा राहिल्यानें १ रुपया ६७ पैसे, मंद वेगानें ७४ पैसे, आणि सदोष कापडानें २ रुपये १९ पैसे! सदोष कापड चिंधीच्या भावानें विकलें, तर तेवढी वजावट करावी.

सारांश, १२ मीटरांच्या तोट्यापेक्षां २.४ मीटरांचा तोटा महाग पडला. गृहिणींना याचें नवल वाटूं नये. तवा रिकामा तापत राहिला तर इंधन जातें. पोळी करपली तर इंधनहि जातें आणि कणीकहि जाते. साकिची टोयोडा यांचा १९२४ सालचा स्वयंचलित माग धागा तुटतांच आपण होऊन थांबे, त्यांतील मर्म हेंच. वाईट विणण्यापेक्षां थांबणें स्वस्त.

शेंकडेवारीच पुढें ठेवली, तर याच्या उलट घडतें. पहिला आंकडा चढविण्यासाठीं विणकरास 'माग थांबवूं नको' असें बजावलें जातें, किंवा त्याच्याकडे आणखी माग सोंपविले जातात. तुटलेला धागा उशिरां दिसतो, दोष वाढतात. अहवाल उजळतो आणि खर्च चढतो. जादा कापडास गिऱ्हाईक नसेल, तर तें नुसतें गोदामांत पडून व्याज खातें.

आणखी एक गोष्ट वहींत सहसा दिसत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं विणकराची मजुरी विणलेल्या कापडावर ठरते. तेथें माग उभा राहिला, तर त्या वेळेची मजुरी मालकाच्या खर्चांतून वगळली जाते. पण ती नाहींशी होत नाहीं, विणकराच्या घरांत उणी पडते. सूत कच्चें असणें, खळ नीट न बसणें, हवा कोरडी असणें, यांपैकीं एकहि कारण त्याच्या हातचें नसतें. तरीहि कमी आंकड्याचा ठपका बहुधा त्याच्यावरच येतो.

म्हणून माझी सूचना एवढीच, कीं अहवालांतील प्रत्येक शेंकडेवारीपुढें तीन रकाने आंखावे : मीटर किती गेले, रुपये किती गेले, आणि ते कोणाचे गेले. पहिले दोन अंकगणितानें भरतां येतात. तिसरा भरण्यास मात्र न्यायबुद्धि लागते. आणि तो कोरा राहिला, तर सारें त्रैराशिक बरोबर येऊनहि उत्तर चूकच ठरतें.