माणूस ओळखून काम द्या
(चारकोप येथे वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज नवी कार्यकारिणी निवडायची आहे, म्हणून एकच मुद्दा मांडतो. कोणाला कोणते पद, हे आपण कशावरून ठरवतो? वयावरून, नाहीतर जो मोठ्याने बोलतो त्याच्यावरून! मीच त्याचे उदाहरण. बोलता येते म्हणून एका मंडळाने मला खजिनदार केले. पावत्या खिशात, हिशेब डोक्यात. वर्षअखेर साडेचारशे रुपये जुळेनात. एक पैसा खाल्ला नव्हता, तरी मान खाली गेली. पदरचे भरले. नियत साफ होती, पण ते काम माझे नव्हते.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन' या ग्रंथात जातीवर जे आक्षेप घेतले, त्यांत हाही होता. माणसाचा कल, त्याची कुवत न पाहता जन्मावरून त्याचे काम ठरते. उपाली जन्माने न्हावी. पण राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे प्रश्न त्यांनाच विचारले गेले, आणि धम्माचे आनंदांना. संघाने जात पाहिली नाही, बळ पाहिले.

महाडचेही तसेच. १९२७ च्या मार्चमधील परिषदेच्या जुळवाजुळवीत दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे पुढे होते. समारोपात तळ्यावर चला, ही हाक अनंतराव चित्रे यांनी दिली. डिसेंबरच्या परिषदेला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी दिली. नेतृत्व बाबासाहेबांचे, पण ज्याच्यापाशी जे होते ते त्याने पुढे केले.

आता आपल्याकडे पाहू. चारकोपात प्लॉट मिळाले, सोसायट्या झाल्या, प्रत्येकाने आपापले घर उभारले. तेव्हा कोण गवंड्यावर लक्ष ठेवी, कोण कचेरीत खेटे घाली, हे सगळ्यांना ठाऊक होते. मग आज का विसरतो? आमच्या गल्लीतल्या एक ताई वीस बायकांची भिशी चालवतात. वहीत एका रुपयाची चूक नाही. पण विहारात त्यांना बोलावणे जाते ते खिरीसाठी! बाई म्हणून चूल, हेसुद्धा जन्मावरून काम ठरवणेच झाले की नाही?

बळ ओळखायचे कसे? तीन गोष्टी पाहा. न सांगता माणूस कोणते काम हाती घेतो? कोणत्या कामात थकला तरी कंटाळत नाही? आणि अडले की लोक कशासाठी त्याच्याकडे धावतात? स्वतःचे बळ स्वतःला दिसत नाही, कारण आपल्याला ते सोपे वाटते. म्हणून शेजाऱ्याला विचारा. मात्र एकदा ठरवले म्हणून कायमचा शिक्का मारू नका. शिकण्याची संधी सर्वांना द्या.

नाव सुचवण्याआधी एवढा विचार करा. खजिनदारपदासाठी मी त्या ताईंचे नाव सुचवतो आणि माझे चार शब्द संपवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!