किल्ल्यात कोण, शहरात कोण



तुमच्या पदवीच्या दिवशी सुरतेत उभं राहून मराठीत बोलायचं आणि १६६४ च्या लुटीचा विषय टाळायचा, हे मला जमणार नाही. या सभागृहात लिंबायत-उधन्यातली खानदेशी घरं आहेत, तशी गोपीपुऱ्यातली जुनी सुरती घरंही आहेत. त्या जानेवारीची गोष्ट दोन्हीकडे एकाच सुरात सांगितली जात नाही. आमच्या पाठ्यपुस्तकात तो अभिमानाचा धडा होता.

मोगल सुभेदार शाहिस्तेखान तीन वर्षं पुण्यात तळ देऊन होता. मुलूख उजाड झाला होता, खजिना रिता. शिवाजी महाराज सुरतेला आले, बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरच्या बागेत उतरले आणि शहराचा अंमलदार इनायतखान याला निरोप धाडला: तुम्ही आणि वीरजी व्होरा, हाजी झाहिद बेग यांच्यासारखे सावकार या, खंडणी ठरवा, नाहीतर शहर वाचणार नाही.

खान किल्ल्यात जाऊन बसला. पाचशे शिपायांचा पगार तो सरकारातून उचलत होता, तेवढी फौज त्याने ठेवलीच नव्हती. पैसेवाले लोक किल्लेदाराचे हात ओले करून आत गेले. ज्यांच्यापाशी द्यायला काही नव्हतं, ते बाहेर राहिले. तापीकाठचा तो किल्ला चौकबाजारात आजही उभा आहे, पाहून या. त्या तटावरून तोफा डागल्या, त्यांनी मराठ्यांपेक्षा शहराचंच जास्त नुकसान केलं.

मग खानाने वकील म्हणून एक तरुण पाठवला. बोलता बोलता तो खंजीर उपसून महाराजांवर धावला. रक्षकाने त्याचा हात तोडला, तरी धावण्याच्या जोराने तो महाराजांवर येऊन कोसळला. महाराजांच्या अंगावर रक्त दिसताच ते मारले गेले अशी हाकाटी झाली, आणि कैद्यांना कापून काढा असा गिल्ला उठला. महाराज उठले आणि त्यांनी कत्तल थांबवली.

आमचा धडा इथे संपायचा. इंग्रज वखारीच्या नोंदी पुढे जातात. त्यानंतर कैदी समोर आणवले गेले. चौघांची डोकी आणि चोवीस हात तोडले गेले, असं त्या सांगतात. पाहुण्याने हे आजच्या दिवशी सांगावं का, असं काहींच्या मनात आलं असेल. सांगायलाच हवं. अंगावर रक्त असताना कत्तल थांबवणारा माणूस मला थोर वाटतो, आणि ते चोवीस हात मी त्या थोरपणाखाली झाकू शकत नाही.

लुटीचंही तसंच. पैसा हवाच होता. तो होरपळलेल्या रयतेकडून काढण्यापेक्षा बादशहाच्या श्रीमंत बंदरातून आणावा, हा हिशेब मला पटतो. पण ज्याचं घर लुटीच्या चार दिवसांत जळलं, त्या सुरतकराने काही शाहिस्तेखानाला पुण्यावर धाडलं नव्हतं. महाराजांनी निदान हा निर्णय स्वतः दरवाज्यात येऊन, स्वतःच्या नावावर घेतला. इनायतखान मात्र मोगल फौज पोचल्यावरच किल्ल्याबाहेर पडला. लोकांनी त्याची हुर्यो उडवली, अंगावर घाण फेकली, तेव्हा त्याच्या मुलाने चिडून एका निरपराध व्यापाऱ्याला गोळी घातली. मराठे जाऊन आठवडा झाला होता, तरी मरायची पाळी शहराचीच.

किल्ल्यात लपण्याच्या अगदी उलट टोकाबद्दल, बलिदानाबद्दल बोलायचं तर मला महाराजांचे सरनोबत प्रतापराव गुजर आठवतात. उंबराणीला कोंडीत सापडलेल्या विजापूरच्या बहलोलखानाला त्यांनी सोडून दिलं. महाराजांचं कडक पत्र आलं: खानाचा निकाल लावल्याखेरीज तोंड दाखवू नका. २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीच्या खिंडीत प्रतापराव अवघे सहा स्वार घेऊन खानाच्या फौजेवर तुटून पडले. सातही मेले. आपण त्यावर गाणी गातो. पण सरनोबत नसलेल्या फौजेचं काय? आणि हरलेल्याला जीवदान देणं हा गुन्हा होता का? खान पुन्हा चालून आला, म्हणजे महाराजांचा राग खोटा नव्हता. तरीही वरिष्ठाचं एक वाक्य खालच्या माणसाला कुठवर नेऊ शकतं, याचं इतकं भयानक उदाहरण मला दुसरं सापडत नाही. पुढे महाराजांनी आपला मुलगा राजाराम याच्याशी प्रतापरावांच्या मुलीचं लग्न लावून तिला सून करून घेतलं. पत्र मागे घेण्याचा तेवढाच मार्ग उरला होता, असं मला वाटतं.

तुमच्या हाती फौज येणार नाही. कुणाकडे लूमचं खातं येईल, कुणाकडे वॉर्ड, कुणाकडे एखादं सरकारी टेबल. पण आत कोण आणि बाहेर कोण, हा किल्ल्याच्या दरवाज्यावरचा प्रश्न या शहरात ३३० वर्षांनी पुन्हा आला होता. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या बातमीने लाखो माणसं सुरत सोडून गेली. कितीतरी खासगी डॉक्टर दवाखान्यांना कुलपं लावून निघाले, आणि सिव्हिल हॉस्पिटलात डॉक्टर आणि परिचारिका रोग्यांपाशी थांबल्या. गेलेल्यांना मी इनायतखान म्हणणार नाही. त्यांनी पाचशे शिपायांचा पगार खाल्ला नव्हता, आणि घरी लहान मुलं होती. थांबलेल्यांच्याही घरी होती.

तुमच्यापैकी अनेकांचे आईवडील तेव्हा ऐन तरुण होते. काही इथेच राहिले, काही भुसावळच्या गाडीत जागा मिळेल तसे चढले. आज पेढे वाटून झाले की त्यांना विचारा, त्यांनी ते कसं ठरवलं, आणि मागे कोण राहिलं.